जूनच्या सुरुवातीला व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे मृगाची वाट बघणं चालू असतं, तेव्हा गढवालच्या उंच खोऱ्यांत उन्हाळा नुकता लागत असतो. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ जूनला उघडतं आणि त्याच्या आधीचे दोन महिने पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंतची मंडळी साधारण तेच प्रश्न पाठवत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. ऑगस्टमधल्या सहलीबद्दल पुष्कळ माहिती मिळते, म्हणून इथला भर पूर्णपणे जूनवर आहे.

१. ही दरी नेमकी कुठे आहे?

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात. ऋषिकेशहून बद्रीनाथला जाताना जोशीमठच्या पुढे गोविंदघाट लागतं, तिथून आत वळायचं. पुष्पावती नदीचं हे खोरं १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ ८७.५ चौरस किलोमीटर, आणि त्यातलं सर्वांत उंच शिखर गौरी पर्वत, ६,७१९ मीटर. आपण चालतो तो भाग साधारण ३,३०० ते ३,७०० मीटर उंचीचा. नंदादेवी उद्यान १९८८ पासून जागतिक वारसा यादीत होतं, २००५ मध्ये ही दरीही त्यात जोडली गेली.

१९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती इथे उतरले आणि दरीचं नाव जगभर झालं. पण त्यांनी ती ‘शोधली’ असं म्हणू नये. खालच्या भ्यूंडार गावचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या इथे मेंढ्या घेऊन येत होते.

२. उद्यान कधी ते कधी उघडं असतं?

१ जून ते ३१ ऑक्टोबर. सकाळी सातच्या सुमारास वनविभागाची चौकी उघडते, दुपारनंतर आत सोडणं बंद होतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्यांनी बाहेर यावं लागतं. परवाना मिळतो, पण त्याची पद्धत आणि शुल्क अधूनमधून बदलतं. ताजा नियम निघण्याआधी वनविभागाकडून विचारून घ्या, आणि ओळखपत्र मूळ प्रतीसह जवळ ठेवा.

३. जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलं दिसतील का? खरं सांगा.

दिसतील, पण तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते दिसणार नाही. दरीभर गुलाबी-जांभळे ताटवे आणि ढगांत अर्ध्या बुडालेल्या कडा, हे दृश्य मध्य जुलै ते मध्य ऑगस्टचं. भर पावसात गुलाबी तेरडा आणि एपिलोबियम कमरेइतके वाढतात आणि फोटोंत भरून राहतात. कासचं पठार सप्टेंबरमध्ये बघायचं असतं, ते कुणी जूनमध्ये गाठून रुसत नाही. इथेही तसंच आहे.

मग जूनमध्ये काय असतं? बर्फाची कड. उतारांवरचा बर्फ रोज थोडा मागे सरकतो आणि त्याने नुकत्याच सोडलेल्या ओल्या, काळ्या मातीतून पहिली फुलं वर येतात. जांभळ्या गोळ्यांसारखी प्रिम्युला, पांढरी आणि निळसर ॲनिमोन, ओढ्याकाठची पिवळीधमक मार्श मॅरिगोल्ड. जंगलातल्या वाटेवर सावलीत ट्रिलियम आणि बनककडी. नागफणीसारखं डोकं काढलेली कोब्रा लिली. झुडपांत रानगुलाबाची पांढरी फुलं, आणि वरच्या उतारांवर सिमरू, म्हणजे फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा बुटका बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन). फ्रिटिलरियाची खाली मान घातलेली हिरवट तपकिरी घंटा तर दहा जण शेजारून जातात आणि एकालाही दिसत नाही.

ही फुलं पायाजवळ असतात, क्षितिजावर नसतात. वाकून बघायची तयारी असेल तर जूनची दरी अतिशय श्रीमंत आहे. आणि जूनमध्ये आकाश बऱ्याचदा मोकळं असतं, त्यामुळे बर्फाच्छादित शिखरं दिसतात. ऑगस्टमध्ये ती कित्येक दिवस ढगांत असतात.

४. निळी पॉपी आणि ब्रह्मकमळ?

जूनमध्ये नाही. निळी पॉपी जुलैत सुरू होते. ब्रह्मकमळ जुलैच्या उत्तरार्धापासून, तेही दरीपेक्षा शेजारच्या हेमकुंड साहिब गुरुद्वाराच्या चढावर जास्त. एवढ्या दोनसाठीच निघाला असाल तर सहल पुढे ढकला.

५. मुलांची शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. पहिला आठवडाच हाताशी आहे. जावं का?

मुलं दहा-बारा वर्षांची आणि चालायची सवय असलेली असतील तर जरूर जावं. बर्फ पहिल्यांदा हातात घेण्याचा आनंद त्यांना इथे मिळतो, आणि फुलं ओळखण्याचा खेळ मोठ्यांपेक्षा मुलांनाच चांगला जमतो. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र उंची आणि थंडी जड जाते. त्यांना काय होतंय हे त्यांना सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे. उंचीबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. १ ते ७, ८ ते १५ की २० जूननंतर?

पहिल्या आठवड्यात बर्फ सर्वांत जास्त. वाट आतपर्यंत मोकळी झालेली असेलच असं नाही, जास्त बर्फाच्या वर्षी दरीच्या तोंडाशीच थांबवतात. ८ ते १८ जून हा आमच्या मते या मोसमातला सर्वांत चांगला काळ: वाट बरीचशी खुली, बर्फही शिल्लक, फुलं वाढती. २० नंतर मान्सून उत्तराखंडात शिरतो. हिरवळ झपाट्याने वाढते, पण दरडींचा काळही सुरू होतो.

तारखा पक्क्या नसतात हे लक्षात ठेवा. २०१३ मध्ये मान्सून नेहमीपेक्षा खूप आधी पोहोचला आणि १६-१७ जूनच्या पावसाने केदारनाथबरोबर हे खोरंही उद्ध्वस्त केलं. घांगरिया या दरीखालच्या मुक्कामाच्या गावाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचा बराच भाग तेव्हा वाहून गेला. म्हणून हवामान खात्याचा चमोली जिल्ह्याचा इशारा रोज बघा, आणि रेड अलर्ट असेल तर बुकिंगचे पैसे गेले तरी जाऊ द्या.

७. महाराष्ट्रातून पोहोचायचं कसं?

रेल्वेने हरिद्वार, किंवा विमानाने डेहराडूनचं जॉली ग्रँट. मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. ज्यांना थेट गाडी सोयीची नाही त्यांनी दिल्ली गाठून पुढे जावं. मे-जून चारधामच्या गर्दीचे, त्यामुळे रेल्वेचं आरक्षण खुलं होईल त्याच दिवशी करा.

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठ साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. नकाशावर हे पुणे-नाशिकपेक्षा थोडंसंच जास्त वाटतं, पण घाटरस्त्यात पूर्ण दिवस जातो. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपळकोटी असा क्रम. बस आणि शेअर जीप पहाटेच निघतात. डोंगरात रात्री वाहतूक थांबवतात, म्हणून ‘उशिरा निघून रात्री पोहोचू’ हा बेत करू नका. जोशीमठचं अधिकृत नाव आता ज्योतिर्मठ आहे, फलकांवर दोन्ही दिसतील.

८. एकूण किती दिवस लागतात?

हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस: जाण्याचा एक, घांगरियाच्या चढाईचा एक, दरीचा एक, हेमकुंडाचा एक, उतरून जोशीमठला येण्याचा एक, परतीचा एक. यावर एक मोकळा दिवस धरलाच पाहिजे. आणि जमलं तर हेमकुंड सोडून दरीला दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी वाट आणि बर्फ यातच लक्ष जातं, फुलं दुसऱ्या दिवशी दिसू लागतात.

९. घांगरियापर्यंत चालणं किती अवघड आहे?

गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. तिथून घांगरिया साधारण नऊ-दहा किलोमीटर. वाट रुंद, फरसबंद, ठिकठिकाणी चहा-पराठ्याची दुकानं. भ्यूंडारपर्यंत चढ सोसवणारा आहे. तिथे नदी ओलांडली की शेवटचे तीनेक किलोमीटर दम काढतात. सिंहगड न थांबता चढणाऱ्याला पाच-सहा तास, सवय नसलेल्याला सात-आठ. सकाळी आठच्या आत पुलना सोडा, दुपारी गारांचा पाऊस येतो.

चालण्यापेक्षा त्रास होतो तो खेचरांच्या वर्दळीचा. खेचर येताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही.

१०. आई-बाबांना चालवत नाही. खेचर, कंडी, हेलिकॉप्टर?

घांगरियापर्यंत तिन्ही मिळतात. हेलिकॉप्टर गोविंदघाटहून, हवा चांगली असेल तरच. त्यात एक तोटा असा की शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही.

उद्यानात खेचरांना मनाई आहे. आत फक्त पायी, किंवा पाठीवर माणूस वाहून नेणारे कंडीवाले. जूनमध्ये वाटेवर बर्फ असताना कंडीवाल्यावर आणि बसणाऱ्यावर दोघांवरही धोका येतो. गुडघे दुखत असतील तर घांगरियाला राहून चौकीपुढच्या जंगलातला पहिला टप्पा करावा. ट्रिलियम आणि बनककडी तिथेच आहेत.

११. राहायचं कुठे?

उद्यानात नाही, तंबूही नाही. घांगरियात लॉज आहेत, आणि गुरुद्वारात कुणालाही निवारा व लंगर मिळतो. जून हा हेमकुंड यात्रेच्या गर्दीचा काळ, त्यामुळे खोल्या ऑगस्टपेक्षाही आधी भरतात. गुरुद्वारात राहिलात तर डोकं झाका, तंबाखू-सिगारेट आणि दारू जवळही ठेवू नका, आणि निघताना जमेल तेवढी सेवा किंवा देणगी द्या.

१२. वाटेत ‘ग्लेशियर’ लागतं म्हणतात. ते ओलांडणं धोक्याचं आहे का?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण जूनमधला खरा धोका हाच आहे.

स्थानिक लोक ज्याला ग्लेशियर म्हणतात तो बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात कोसळलेल्या हिमलोटांचा साठा असतो. तो ओढ्याच्या घळीत बसलेला असतो आणि खालून पाणी वाहत असतं. पाणी तळ पोखरत जातं, म्हणजे वरून भक्कम दिसणाऱ्या बर्फाखाली पोकळी असते. सर्वांत पातळ भाग कडेला, खडकाला लागून असतो, आणि लोक नेमके तिथेच पाय ठेवतात.

वनविभागाचे कर्मचारी बर्फात पायऱ्या खणतात. त्याच पायऱ्यांवरून, एकामागून एक, अंतर ठेवून जायचं. टाच आधी रोवायची, काठी डोंगराच्या बाजूला धरायची. सकाळी बर्फ टणक आणि निसरडा असतो, दुपारी मऊ होऊन पाय खचतो, म्हणून परतताना ती जागा पुन्हा नव्याने पारखा. बर्फाच्या कमानीखाली फोटोसाठी शिरू नका. घसरगुंडीही नको, खाली पुष्पावती आहे.

कर्मचारी ‘आज पुढे नाही’ म्हणाले तर हुज्जत घालू नका. पुढे अडकलेल्याला आणायला त्यांनाच जावं लागतं.

१३. उंचीचा त्रास होईल का?

जोशीमठ सुमारे १,९०० मीटर, घांगरिया ३,०५०, दरी ३,५०० च्या आसपास. समुद्रसपाटीवरून निघून तिसऱ्या दिवशी घांगरियात झोपणाऱ्यांपैकी काहींना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होतंच. जोशीमठला एक रात्र राहा, सावकाश चढा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे घरीच डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर.

झोपेतून उठल्यावरही डोकं ठणकत असेल तर वर जायचं नाही. तोल जाणं, बोलणं अडखळणं, बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असो वा पाऊस, माणसाला खाली उतरवायचं.

१४. कपडे आणि बूट?

मेमध्ये घामाच्या धारा पुसत बॅग भरताना गरम कपडे जास्त वाटतात, पण घांगरियात जूनच्या रात्री पारा एक आकडी असतो. पातळ कपड्यांचे थर, एक जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे. रेनकोट किंवा पोंचो हवाच, छत्री वाऱ्यात टिकत नाही. बूट घोट्याच्या वरचे, खोल नक्षीच्या तळव्याचे, आणि आधी वापरून मऊ झालेले. काळा चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून उलटून येणारं ऊन हनुवटीखालची कातडीही भाजतं.

१५. हेमकुंड साहिब जूनच्या सुरुवातीला जमेल का?

दरवाजे साधारण मेच्या अखेरीस उघडतात. घांगरियाहून सहा किलोमीटर, पण उंची ४,००० मीटरच्या बरीच वर आणि चढ सलग. लष्कराचे जवान त्याआधी बर्फ कापून वाट करतात. जूनच्या सुरुवातीला वाटेतल्या अटलाकोटीपाशी दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती असतात आणि सरोवर बऱ्याचदा अर्धंअधिक गोठलेलं असतं. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी दोनच्या सुमारास उतरायला लागावं लागतं. गुरुद्वाराशेजारचं लोकपाल लक्ष्मणाचं मंदिर पाहायला विसरू नका.

आधी दरी, मग हेमकुंड असाच क्रम ठेवा. कारण प्रश्न १३ मध्ये आहे. यात्रेसाठी राज्य सरकारची ऑनलाइन नोंदणी लागते, ती उद्यानाच्या परवान्याहून वेगळी.

१६. जोन लेग यांच्या समाधीपर्यंत जूनमध्ये जाता येतं का?

वर्षावर अवलंबून. लंडनच्या क्यू उद्यानासाठी वनस्पती गोळा करायला आलेल्या लेग यांचा १९३९ मध्ये इथे कड्यावरून घसरून मृत्यू झाला. त्यांच्या बहिणीने बसवलेली शिळा दरीच्या आत आहे. वाट तिथपर्यंत मोकळी असेल तर अवश्य जा. खुणेचा दगड बर्फाखाली असेल तर शोधत फिरू नका, का ते पुढच्या उत्तरात.

१७. अजून गवतही उगवलेलं नसताना वाट सोडून थोडं आत गेलं तर काय बिघडतं?

ऑगस्टपेक्षा जास्त बिघडतं. रिकाम्या दिसणाऱ्या त्या चिखलात कोंब असतात, काही बोटाच्या पेराएवढे, काही मातीच्या पापुद्र्याखालीच. माती बर्फाच्या पाण्याने फुगलेली असते, बुटाचा ठसा खोल उमटतो आणि त्यात पाणी साचून कोंब कुजतो. इथल्या झाडांना वर्षभराचा संसार चार महिन्यांत उरकायचा असतो. जूनमध्ये मोडलेला कोंब त्या वर्षी बहुधा फुलत नाही. जुलैचा तो गालिचा जूनच्या पाहुण्यांच्या पायाखाली असतो, हे एकदा लक्षात आलं की आपोआप वाटेवरूनच चालणं होतं.

याच संदर्भात चराईबद्दल विचारतात. १९८३ मध्ये इथली चराई बंद झाली. त्यानंतर अमेला नावाची उंच वाढणारी वनस्पती दरीत खूप पसरली आणि वनविभागाला ती दरवर्षी उपटावी लागते. मेंढ्या बंद केल्यामुळेच ती फोफावली का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आम्हाला वाटतं, हा निर्णय घेताना भ्यूंडारच्या मेंढपाळांना जे ठाऊक होतं ते अधिक ऐकायला हवं होतं.

१८. आत स्वच्छतागृह आहे का? पाळी आली असेल तर?

चौकीच्या पुढे सोय धरू नका. घांगरियातून निघतानाच उरकून घ्या. पाळीच्या दिवसांत जाण्याला कुठलीही हरकत नाही. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून, झाकणाच्या पिशवीत घालून खाली जोशीमठपर्यंत परत आणा. दरीत पुरू नका, घांगरियातही टाकू नका. तिथला कचरा खेचरांच्या पाठीवरूनच खाली जातो.

१९. खायला काय न्यायचं?

दरीत एकही दुकान नाही. घांगरियातून पराठे बांधून घ्या, घरची दशमी-चटणी किंवा गूळ-शेंगदाणे उत्तम. चिक्कीचा कागदसुद्धा परत आणायचा.

२०. प्राणी-पक्षी दिसतात का?

मोनाल हा रंगीत पक्षी दिसण्याची शक्यता जूनमध्ये चांगली असते, पहाटे जंगलाच्या कडेला. भरल, म्हणजे रानमेंढ्या, वरच्या कड्यांवर, दुर्बीण असेल तर. कस्तुरीमृग आणि हिमबिबट्या आहेत, पण ते दिसतील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काळं अस्वल मात्र खरोखर असतं, म्हणून सर्वांत आधी एकट्याने आत जाऊ नका.

२१. गाइड घ्यावा का?

ऑगस्टमध्ये नसला तरी चालतो. जूनमध्ये घ्या, आणि घांगरिया-भ्यूंडारचाच घ्या. बर्फाखालून ओढा कुठे जातो ते त्यालाच माहीत असतं, आणि फुलांची गढवाली नावंही. घांगरियात माहिती केंद्र आहे, तिथे संध्याकाळी दरीवरची चित्रफीत दाखवतात. दरीत जाण्याच्या आदल्या दिवशी ती बघा.

२२. फोन, पैसे?

घांगरियात नेटवर्क येतं-जातं, दरीत नाही. ऑनलाइन पैसे चालतील या भरवशावर राहू नका, रोख जोशीमठमध्येच काढा. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

२३. बद्रीनाथ त्याच सहलीत होईल का?

होतं. गोविंदघाटहून बद्रीनाथ साधारण २५ किलोमीटर, पुढे तीनवर माणा गाव. आधी बद्रीनाथला एक रात्र राहिलात तर ३,१०० मीटर उंचीची सवयही होते, आणि हा क्रम आम्हाला जास्त पसंत आहे. चारधाम नोंदणी आधी करा. मधल्या लामबगडच्या टप्प्यावर पावसात दरडी येतात, तेव्हा तो दिवस कोरडा बघून ठरवा.

२४. आम्ही ३१ मेलाच घांगरियात असू. एक दिवस आधी सोडतील का?

नाही. तो दिवस उंचीची सवय करण्यात घालवा.

२५. रस्ता बंद पडून खाली अडकलो तर?

दरड हटवायला काही तास लागतात, कधी दोन दिवस. पोलिसांनी थांबवलं तिथेच, वस्तीजवळ थांबा. गाडी दरडीच्या उताराखाली किंवा नदीच्या पात्राकडेला लावू नका. परतीचं तिकीट आणि कामावर रुजू होण्याची तारीख यांच्यात निदान दोन दिवस ठेवा, आणि नेहमीची औषधं चार दिवसांची जादा घ्या. अडकणारच असाल तर पिपळकोटी किंवा जोशीमठ बरं, तिथे राहण्या-खाण्याची सोय आणि औषधांची दुकानं आहेत.